चार आकडे, दोन समीकरणं आणि दहा कोटी ठिपके

काळी पार्श्वभूमी. तिच्यावर पारदर्शक पडद्यांचे वळसे, एकमेकांतून आरपार गेलेले, कडांवर तेजाळलेले. असं चित्र हल्ली मोबाइलवर दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एआयनं केलंय का?’ पुष्कळदा उत्तर ‘हो’ असतं. पण अशा चित्रांची एक जात एआयच्या लाटेपेक्षा कितीतरी जुनी आहे. तिला कुणी कोट्यवधी चित्रं दाखवून शिकवलेलं नाही. दोन छोटी समीकरणं, चार आकडे आणि तेच गणित न कंटाळता कोटी वेळा करणारा कॉम्प्युटर, एवढंच सामान. ज्या गणितातून ती निघतात त्याला केऑस म्हणतात.

केऑस म्हटलं की बहुतेकांना फुलपाखराच्या पंखांनी वादळ येण्याची गोष्ट आठवते. त्यामुळे केऑस म्हणजे सगळाच बेभरवशाचा कारभार, असा समज झाला आहे. तसं असतं तर चित्र निघालंच नसतं. इथे पुढचा हजारावा ठिपका कुठे पडेल ते आधी सांगणं जवळपास अशक्य असतं, आणि तरीही शेवटी चित्र कोणतं होणार हे पक्कं असतं. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, एवढंच या लेखात समजून घ्यायचं आहे.

सुरुवात देवळालीपासून

द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ मध्ये जगासमोर मांडलेली एक गंमत बऱ्याच जणांनी शाळेत करून पाहिली असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा तेच.

३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७? पुन्हा ६१७४. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता.

आपल्याला यातल्या दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे उत्तर परत त्याच नियमात घालत राहण्याची पद्धत. अशा प्रत्येक वेळेला आपण फेरी म्हणू. दुसरी गोष्ट म्हणजे फेऱ्या मारता मारता आकडे ज्या जागेकडे खेचले जातात ती जागा. तिला गणितात अ‍ॅट्रॅक्टर म्हणतात. कापरेकरांच्या नियमाचा अ‍ॅट्रॅक्टर एकच संख्या आहे. कागदावर काढला तर तो एक ठिपका होईल. गणित सुंदर आहे, पण त्याचं चित्र काही होत नाही.

आकडे एका जागी स्थिरावलेच नाहीत तर?

नियम बदलू. शून्य आणि एक यांच्यामधली एखादी संख्या घ्या. ती एकमधून वजा करा, जे येईल त्याने मूळ संख्येला गुणा आणि गुणाकाराची चौपट करा. ०.३ पासून निघालो तर ०.८४ येतं, मग ०.५३७६, मग ०.९९४३, मग एकदम ०.०२२५. पुढे हे असंच चालू राहतं. हेच आकडे त्याच क्रमाने परत येतील म्हणून वाट पाहिलीत तरी ते येत नाहीत.

चौपटीऐवजी २.८ पट केली तर हेच आकडे मुकाट ०.६४ च्या आसपास स्थिरावतात. ३.२ पट केली तर दोन संख्यांमध्ये झुलत राहतात. पट ३.५७ च्या पुढे नेली की बहुतेक ठिकाणी घडी विस्कटते. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं. प्राण्यांच्या संख्येतले चढउतार समजून घ्यायला वापरलं जाणारं इतकं साधं समीकरण इतकं वेडंवाकडं वागू शकतं, याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं होतं.

आता ०.३ ऐवजी ०.३००००१ पासून सुरुवात करा. पहिल्या काही फेऱ्यांत फरक जाणवतही नाही. पण चौपटीच्या नियमात हा फरक सरासरीने दर फेरीला दुप्पट होतो, आणि विसेक फेऱ्यांत दोन्ही मालिकांचा एकमेकींशी काही संबंध उरत नाही. केऑस म्हणजे हेच. नियम पक्का असतो, नशिबाचा त्यात भाग नसतो, आणि तरी सुरुवातीचा नगण्य फरक वाढत वाढत सगळा अंदाज गिळून टाकतो.

हे कॉम्प्युटरवर प्रथम ठसठशीतपणे जाणवलं ते अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाला, १९६१ च्या हिवाळ्यात. आधी केलेलं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्याने छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा यंत्रात घातला. यंत्राच्या आत तो ०.५०६१२७ होता. नवं हवामान थोडा वेळ जुन्यासारखं चाललं आणि मग पार भलतीकडे गेलं. १९६३ मध्ये त्याने तीन समीकरणांचा निबंध प्रसिद्ध केला. ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ हा प्रश्न १९७२ मधल्या त्याच्या भाषणाच्या शीर्षकातला. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएमसारख्या (हवामान आणि मान्सूनचा अभ्यास करणाऱ्या) संस्था आज मान्सूनसाठी एकच एक गणित न करता सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेक गणितं एकत्र चालवतात, त्याचं मूळ याच अडचणीत आहे.

मग या विस्कोटातून आकार कुठून येतो?

चिरोटे कसे करतात ते आठवा. पोळी लाटायची, साटा लावायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायची. समजा, पिठात खसखशीचे दोन दाणे अगदी शेजारी शेजारी आहेत. लाटलं की ते एकमेकांपासून लांब जातात. घडी घातली की लांब गेलेला एखादा दाणा भलत्याच दाण्याच्या डोक्यावर येऊन बसतो. चार-सहा वेळा लाटून झाल्यावर कोणता दाणा कुठे असेल, ते करणारीलाही सांगता येणार नाही. पण पीठ पोळपाट सोडून कुठेही गेलेलं नसतं, आणि पदर तर ठरल्यासारखे सुटलेले असतात.

केऑसची समीकरणं हेच करतात. लाटण्यामुळे जवळचे बिंदू दूर जातात, म्हणून अंदाज फसतो. घडी घातल्यामुळे दूर निघालेले बिंदू परत आत येतात, म्हणून सगळा खेळ ठरावीक जागेतच राहतो. या दोन्ही क्रिया अखंड चालल्या की बिंदू ज्या आकारावर फिरत राहतात, त्याला स्ट्रेंज अ‍ॅट्रॅक्टर म्हणतात. हे नाव डेव्हिड रुएल आणि फ्लोरिस टाकेन्स यांनी १९७१ मध्ये दिलं.

फ्रान्समधल्या नीस इथल्या वेधशाळेतल्या मिशेल एनों या खगोलशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ही क्रिया अगदी दोन ओळींत बसवली. त्याच्या समीकरणात एक वर्ग आहे, तो घडी घालतो. एक ०.३ आहे, तो दर फेरीला क्षेत्रफळ तीस टक्क्यांवर आणून दाबतो. चित्र दिसतं ते वाकवलेल्या नालेसारखं, दोन-तीन रेषांचं. त्यातली एक रेष मोठी करून पाहिली की ती अनेक रेषांची निघते. त्यातली एक मोठी केली की तिच्यातही पुन्हा रेषा असतात. चिरोट्याचे पदर कुठेतरी संपतात, एनोंचे संपत नाहीत.

ठिपक्यांचं चित्र कसं होतं?

सुरुवातीला सांगितलेले पारदर्शक पडदे बहुतेकदा एनोंच्या नाही, पुढे आलेल्या काही समीकरणांतून निघतात. त्यातलं एक लाडकं समीकरण क्लिफर्ड पिकओव्हर यांचं. ते आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात होते. क्ष आणि य म्हणजे कागदावरची आडवी आणि उभी जागा, तर अ, ब, क, ड हे चार आकडे तुम्ही निवडायचे:

नवा क्ष = साइन (अ × य) + क × कोसाइन (अ × क्ष)
नवा य = साइन (ब × क्ष) + ड × कोसाइन (ब × य)

अ = −१.४, ब = १.६, क = १ आणि ड = ०.७ घेऊ. कोन रेडियनमध्ये मोजायचे. (०.१, ०.१) पासून निघालो तर पहिली उडी (०.८५, ०.८५) वर जाते आणि दुसरी (−०.५६, १.१२) वर. अशी प्रत्येक उडी कागदाच्या भलत्याच कोपऱ्यात जाते, सलग रेष कधीच तयार होत नाही. साइन आणि कोसाइन उणे एक ते अधिक एक यांच्या बाहेर जात नाहीत, म्हणून क्ष कधी दोनच्या आणि य कधी १.७ च्या पलीकडे पळत नाही. इथे घडी घालण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

पहिले शंभरेक ठिपके फेकून द्यायचे, कारण आपण मनाने निवडलेली सुरुवातीची जागा अ‍ॅट्रॅक्टरवर असेलच असं नाही. मग जिथे उडी पडेल तिथे पांढरा ठिपका ठेवत जायचा. नवशिक्याची निराशा होते ती इथे. दहा हजार ठिपक्यांत अंधुक आकार दिसतो, पण दहा लाख झाले की सगळं पांढरंफटक होतं आणि आतले पदर बुजून जातात.

उपाय म्हणजे ठिपका न काढता मोजदाद ठेवायची. एक हजार बाय एक हजार पिक्सेलचा कागद म्हणजे दहा लाख घरं. दहा कोटी उड्या मारायच्या आणि प्रत्येक घरात किती वेळा उडी पडली ते नुसतं मोजायचं. शेवटी त्या संख्येवरून घराचा उजेड ठरवायचा. पण थेट प्रमाणात ठरवला तर पुन्हा फसतं. काही घरांत हजारो उड्या असतात, काहींत दोन किंवा तीन. सर्वांत गर्दीची घरं चमकतात आणि बाकीचं चित्र काळोखात जातं. म्हणून संख्येऐवजी तिचा लॉगॅरिदम घेतात. दहाला एक, शंभराला दोन, हजाराला तीन. त्यामुळे गर्दीची घरं भडकत नाहीत आणि विरळ घरांनाही उजेडाचा वाटा मिळतो. कॉम्प्युटरवर चित्रं करणारे स्कॉट ड्रेव्ह्ज यांनी १९९२ मध्ये आपल्या फ्रॅक्टल फ्लेम या पद्धतीत (फ्रॅक्टल म्हणजे मोठं करून पाहावं तसे आत आणखी तपशील सापडत जाणारा आकार) ही युक्ती वापरली, आणि माझ्या मते या कलेतली सर्वांत महत्त्वाची कल्पना समीकरणात नाही, इथे आहे. पडदे पारदर्शक वाटतात, कडा तेजाळतात, एकावर एक पदर दिसतात, हे सगळं या मोजदादीचं देणं. तेजाळलेली कड म्हणजे घडी पडलेली जागा. तिथे उड्यांची गर्दी होते.

म्हणजे हा मँडेलब्रॉटचाच प्रकार ना?

भावंडं म्हणता येतील, पण काम उलट चालतं. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९८० च्या सुमारास आयबीएममध्ये अभ्यासलेल्या आणि १९८५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या प्रसिद्ध आकृतीत प्रत्येक पिक्सेलला वेगळा प्रश्न विचारला जातो: तुझ्यापासून ठरलेला आकडा घेऊन फेऱ्या मारल्या तर उत्तर अनंताकडे पळेल की नाही, आणि पळालं तर किती फेऱ्यांत? अ‍ॅट्रॅक्टरच्या चित्रात एकच बिंदू सगळ्या कागदावर उड्या मारत फिरतो. मँडेलब्रॉटच्या त्या भडक इंद्रधनुष्यी चित्रांनी या साऱ्या विषयाचं रूपच लोकांच्या मनात पक्कं करून टाकलं, हे मला थोडं खटकतं.

‘सगळं रँडमच तर आहे!’

कॉम्प्युटर कलेचा एक प्रवाह खरोखरच यदृच्छेवर उभा आहे. जर्मनीत १९६५ मध्ये गेओर्ग नेस यांनी स्टुटगार्टला कॉम्प्युटरने काढलेली रेखाटनं मांडली, त्यांत यंत्राने काढलेल्या यादृच्छिक आकड्यांचा वापर होता. क्लिफर्डच्या चित्रात तसा एकही आकडा नाही. तेच चार आकडे नागपुरात घाला किंवा न्यू जर्सीत, चित्र तेच येणार.

फासे टाकले तरी आकार पक्काच राहतो, असाही एक प्रकार आहे. कागदावर त्रिकोणाचे तीन कोपरे मांडा. कुठेही एक बिंदू घ्या. फासा टाकून एक कोपरा निवडा, त्याच्या दिशेने अर्धं अंतर जा, ठिपका काढा, पुन्हा फासा टाका. काही हजार ठिपक्यांनंतर त्रिकोणात त्रिकोण, त्यात आणखी त्रिकोण अशी जाळी उमटते, फासे कसेही पडोत. मायकेल बार्न्सली यांनी चार नियम आणि त्यांच्यातली यादृच्छिक निवड एवढ्यावर हुबेहूब नेच्याचं पान उभं केलं. त्यांनी या खेळाला केऑस गेम म्हटलं. ड्रेव्ह्ज यांच्या फ्लेमही याच वंशातल्या.

कॉम्प्युटर आकडे तोडतो, मग चित्र खरं कसं?

हा आक्षेप सर्वांत चांगला आहे आणि सहसा विचारला जात नाही. कॉम्प्युटर साधारण सोळा अंकांपर्यंतच संख्या लक्षात ठेवतो, पुढचे अंक कापतो. केऑस तर बारीक चूक फुगवत नेतो. चौपटीच्या नियमात पन्नासेक फेऱ्यांत आणि एनोंच्या समीकरणात ऐंशी-नव्वद फेऱ्यांत त्या सोळातला एकही अंक भरवशाचा उरत नाही. आणि आपण मारणार दहा कोटी फेऱ्या! म्हणजे कागदावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका चुकीच्या जागी पडला आहे.

हे खरंच आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर साइनच्या शेवटच्या अंकात फरक असला तर त्यांचे हजारावे ठिपके जुळणार नाहीत. पण चुकून बाजूला सरकलेला बिंदूसुद्धा त्याच अ‍ॅट्रॅक्टरकडे खेचला जातो. तो चुकतो तो त्याच वाटांवर आणि त्याच गर्दीत. अमुक ठिपका अमुक क्षणी कुठे होता याच्याशी चित्राला काही घेणं नाही. दहा कोटी उड्यांतल्या किती या घरात पडल्या एवढंच ते विचारतं, आणि ते प्रमाण फारसं हलत नाही. हवामानातही असंच असतं. पुढच्या वर्षी १२ जुलैला महाबळेश्वरला किती पाऊस पडेल हे आज कुणी सांगू शकत नाही, पण तिथला जुलै डिसेंबरपेक्षा ओला असणार यावर कुणीही पैज लावेल.

मग यात कलाकाराने काय केलं?

निवडलं. अ, ब, क, ड हे चारही आकडे उणे दोन ते अधिक दोनमधले, एकाच दशांश स्थळाचे घेतले तरी २८ लाख २५ हजार ७६१ संच होतात. त्यांतल्या कित्येकांत आकडे चार-सहा ठिपक्यांवर येऊन झोपतात, काहींत नुसतं एक वेटोळं मिळतं. जिथे केऑस आहे तिथेही बरीच चित्रं गढूळ दिसतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ज्युलियन क्लिंटन स्प्रॉट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चाळणीचं हे काम यंत्रावर सोपवलं. शेजारचे दोन बिंदू सरासरी किती वेगाने दूर जातात ते मोजायचं, जात नसतील तर तो संच टाकून द्यायचा. केऑस आहे की नाही ते यंत्र असं ओळखतं. चित्र चांगलं आहे की नाही ते मात्र माणसालाच बघावं लागतं. ड्रेव्ह्ज यांनी १९९९ मध्ये तर हे प्रेक्षकांवरच टाकलं. त्यांच्या ‘इलेक्ट्रिक शीप’ या स्क्रीनसेव्हरमध्ये जगभरातले कॉम्प्युटर मिळून फ्लेम तयार करत, बघणारे कळ दाबून मत देत, आणि आवडलेल्या फ्लेमच्या आकड्यांपासून पुढची पिढी घडे.

रंग तर सगळेच कलाकाराचे. गणित फक्त गर्दी सांगतं. ती गर्दी शेवाळी दाखवायची की गेरूसारखी, की उडीच्या दिशेनुसार रंग बदलायचा, याबद्दल समीकरणाला काही मत नाही.

मर्यादाही मोठ्या आहेत. इथे ‘मोर काढ’ म्हणून मोर येत नाही. आकडा ०.१ ने हलवला तर चित्र हळूच सरकेल की साफ कोसळेल, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि एकाच समीकरणाची पन्नास चित्रं ओळीने पाहिली की घराणं लगेच ओळखू येतं, मग कंटाळा येतो. या कलेला ‘अमर्याद’ म्हणणाऱ्यांनी ती बहुधा सलग पाहिलेली नसते.

घरी करून बघायचं असेल तर

प्रोग्रॅमिंग येत असेल तर प्रोसेसिंग किंवा ब्राउझरमध्ये चालणारं पी५ ही मोफत साधनं पुरेशी आहेत. वीस-पंचवीस ओळींत क्लिफर्ड उभा राहतो. येत नसेल तर एक्सेल घ्या आणि एनों काढा. पहिल्या ओळीत दोन्ही स्तंभांत शून्य ठेवा. दुसऱ्या ओळीत, पहिल्या स्तंभात हे सूत्र: एक, वजा १.४ गुणिले वरच्या संख्येचा वर्ग, अधिक दुसऱ्या स्तंभातली वरची संख्या. दुसऱ्या स्तंभात: ०.३ गुणिले पहिल्या स्तंभातली वरची संख्या. ही ओळ पाच हजार ओळींपर्यंत खाली ओढा आणि दोन्ही स्तंभांचा स्कॅटर आलेख काढा. ठिपके जोडणाऱ्या रेषा बंद ठेवा आणि ठिपके शक्य तितके बारीक करा.

नाल दिसली की १.४ च्या जागी १.२५ घालून पाहा, पाच हजार ओळींचे मूठभर ठिपके होतील. १.६ घातलंत तर विसाव्या ओळीच्या आतच आकडे इतके फुगतील की एक्सेल पुढच्या सगळ्या घरांत एरर दाखवेल.